मॅडमचे मिस्टर

इंग्रज माणूस भूमध्य समुद्राच्या बाजूला राहायला गेला की त्याला पुस्तक होतं. एकेकाळी जाहिरातींच्या धंद्यात असलेले पीटर मेल दक्षिण फ्रान्समध्ये मेनेर्ब गावाजवळ एक जुनं शेतघर घेऊन राहिले आणि १९८९ साली त्यांचं 'अ इयर इन प्रोव्हान्स' आलं. बारा महिने, बारा प्रकरणं. गवंडी सांगितलेल्या दिवशी येत नाहीत, शेजारी तऱ्हेवाईक आहे, थंड वारं डोकं फिरवतं, पण जेवण काय विचारता! पुस्तक लाखांनी खपलं आणि मग वाचकच गाव शोधत त्यांच्या दारात येऊ लागले.

हे पुस्तक मी वाशिम जिल्ह्यातल्या एका खेड्यात, एप्रिल महिन्यात, कूलरच्या तोंडाशी बसून वाचलं. गवंडी आमच्याकडेही येत नाहीत, त्यामुळे तेवढा भाग घरचाच वाटला. खेड्याचं नाव सांगत नाही. बायको तिथल्या बँकेत अधिकारी आहे आणि वसुली अजून बाकी आहे. मालेगाव आणि रिसोड यांच्या मधे कुठेतरी, एवढं पुरे.

तिकडे भूमध्य समुद्राकाठी परक्यांचा शांत हंगाम हिवाळ्यात येतो. पर्यटक परततात, खानावळींना कुलपं लागतात, बेटांवरच्या बोटी कमी होतात आणि उरलेले चार इंग्रज एकमेकांना घरातल्या ओल आलेल्या भिंती दाखवत बसतात. आमचा शांत हंगाम होळीनंतरचा. गहू-हरभरा घरात आलेला असतो, तूर विकून झालेली असते, कपाशीची उलंगवाडी होऊन वावरं गुरांना मोकळी सुटलेली असतात. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेसाठी मानोऱ्याकडचे रस्ते भरून वाहतात, तेवढी एक धांदल. बाकी मृग लागेपर्यंत वावरात जाऊन करायचं काय, हा प्रश्न सगळ्या गावाला पडलेला असतो.

मेलसाहेबांना गावाकडे बघायला वेळ होता. आमच्याकडे वेळ गावाला आहे, आणि बघण्यासारखा परका माणूस मी.

आम्ही मूळचे डोंबिवलीचे. बायकोची बदली वाशिमला झाली हे कळल्यावर नात्यात आनंदीआनंद झाला. "वाशीला? मग काय, ठाण्याला गाडी बदलली की झालं," असं आत्या म्हणाली. वाशिममधला शेवटचा 'म' तिच्यापर्यंत पोचायला बराच काळ गेला. अजूनही ती फोनवर "वाशीला एवढं ऊन कसं रे?" असं विचारते. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण झाला, म्हणजे डोंबिवलीहून जरा तिकडे गेलं की सरळ आमच्या जिल्ह्यात उतरता येतं. पूर्वी पाहुणे 'लांब आहे' म्हणून येत नसत, आता 'टोल फार आहे' म्हणून येत नाहीत.

माझं काम घरून चालतं. मोबाइलच्या ॲपांमध्ये जो मराठी मजकूर असतो तो मी लिहितो. 'पुढे जा', 'रद्द करा', 'कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा' हे माझं साहित्य. वाचकवर्ग म्हणाल तर मराठीतल्या कुठल्याही कादंबरीकारापेक्षा मोठा आहे, पण गावात हे सांगून उपयोग नाही. गावात 'बँकेच्या मॅडम' हे पद आहे. सरपंच, तलाठी, पोलीस पाटील यांच्या रांगेतलं. त्या पदाला जोडून जो माणूस घरात आढळला, तो 'मॅडमचे मिस्टर'. माझं नाव आधार कार्डावर आहे, इथे ते कुणाला लागलेलं नाही. लोकांच्या मोबाइलमध्येही मी याच नावाने आहे. एकाने तर माझा नंबर 'मॅडम घर' असा साठवून ठेवलाय.

आल्या आल्या समोरच्या आजींनी रीतसर चौकशी केली.

"मॅडम तं बँकेत जातात. तुमी कुठी जाता?"

"मी घरूनच काम करतो, आजी."

"घरी कायचं काम राह्यते?"

"कॉम्प्युटरवर."

आजींनी कपाळाशी हात आडवा धरून मला नीट पाहून घेतलं. मग म्हणाल्या, "असू द्या. माणूस तब्येतीनं चांगला पायजे."

त्यानंतर मला नोकऱ्या चालून येऊ लागल्या. एका जिनिंगमध्ये काट्यावर वजनं लिहायला माणूस हवा होता. महामार्गाकडच्या पेट्रोल पंपावर गल्ला सांभाळायला कुणीतरी विश्वासू पाहिजे होतं. एका काकांनी "किराणा टाकून देऊ का?" असंही विचारलं. मॅडमच्या अब्रूचा प्रश्न असल्यामुळे हे सगळं दबक्या आवाजात, मी एकटा असताना चाले.

गावात आणखी परके नाहीत असं नाही. कागदोपत्री भरपूर आहेत. १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला. नोकरदारांचं वेगळं होणं अजून चालू आहे. मुख्यालयी राहावं असा नियम आहे, घरभाडे भत्ता आहे, आणि 'अप-डाऊन' आहे. सकाळी माणसांनी भरलेल्या गाड्या पातूरवरून घाट चढून मेडशीमार्गे येतात आणि संध्याकाळी त्याच वाटेने उतरतात. सहा वाजले की परकं माणूस म्हणून गावात उरतो तो मी, बायको आणि कुल्फीवाला.

कुल्फीवाला राजस्थानातल्या भिलवाड्याकडचा. होळी झाली की गाडा घेऊन येतो, पहिला पाऊस पडला की जातो. गावाचा बिनकामाचा काळ तोच त्याच्या कामाचा. परदेशात मराठी मंडळं असतात तसं आमचं दोघांचं मंडळ रात्री गाड्यापाशी भरतं. तो माझ्याआधीपासून इथे येत असल्यामुळे मला गावाबद्दल सांगतो, आणि गिऱ्हाईक सांभाळायचं असल्यामुळे गावाला माझ्याबद्दल सांगतो. इथली हवा त्याला फार आवडते. उन्हाळ्यात थंडाव्यासाठी माणसाने वाशिमला यावं असं मनापासून म्हणणारा मी पाहिलेला तो एकमेव मनुष्य.

जिल्ह्यात खरोखरचे विलायती परकेही राहून गेलेत. मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला जाणारी शकुंतला रेल्वे इंग्रजी कंपनीने वऱ्हाडचा कापूस बाहेर काढण्यासाठी टाकली. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला तयार झालं, इथल्या उन्हात सत्तरेक वर्षं राबलं आणि १९९४ च्या एप्रिलमध्ये निवृत्त झालं. निवृत्ती ऐन एप्रिलात मिळाली, हे त्याचं नशीब. इतकी वर्षं राहून त्याने इथल्या माणसांवर एक ओळ लिहिली नाही. मोठ्या मनाचं इंजिन.

उन्हाबद्दल मात्र इथे तक्रार करायची सोय नाही. वाशिम अकोल्याहून चांगलंच उंचावर आहे, त्यामुळे पारा तिथल्यापेक्षा थोडा खाली असतो आणि त्या थोड्यावर अख्ख्या जिल्ह्याचा स्वाभिमान उभा आहे. त्रेचाळीस अंशांना मी कपाळाला हात लावला की कुणीतरी शांतपणे म्हणतं, "हे काईच नाही. अकोल्याले जाऊन पाहा." मग अकोल्याचा माणूस कुणाचं नाव घेत असेल? बायकोच्या शाखेत अकोल्याहून अप-डाऊन करणारा शिपाई आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला, "चंद्रपूर." चंद्रपूरचा माणूस अजून भेटलेला नाही.

शेजारच्या काकांनी माझ्या खिशात कांदा घातला आणि दुपट्टा बांधायला शिकवला. ऊन लागू नये म्हणून डोळे सोडून सगळं डोकं-तोंड पांढऱ्या दुपट्ट्याने गुंडाळायचं असतं. मला वाटलं, चला, निदान आता तरी आपण चार लोकांसारखे दिसू. पण रस्त्यात लोक बरोबर हाक मारत. कसं ओळखलं विचारलं तर म्हणाले, "बांधता येत नाही त्याच्यावरून."

राहिला कूलर. मार्च लागला की कूलर बाहेर निघतात, जुनं गवत झाडून नवं भरलं जातं, टिल्लू पंप पाण्यात बुडवून चालतो का ते पाहतात. चालत नाही. मग त्याला थोडं ठोकतात. नळ आठवड्याने येतो, त्यामुळे घरात पहिली तहान कूलरची, मग माणसांची. कूलर चालू असताना खोलीत बोलता येत नाही, फक्त ओरडता येतं. नवरा-बायकोचं भांडण आहे की चहाला विचारताहेत हे बाहेरच्याला कळत नाही आणि बाहेरचे ते कळून घ्यायचा प्रामाणिक प्रयत्न करतात. एकदा ऑनलाइन बैठकीत तो आवाज ऐकून साहेबांनी विचारलं, "विमानतळावर आहेस का?" मी हो म्हणून टाकलं. माझ्याबद्दल त्यांचं मत बरंच सुधारलं असावं.

दुपारी बारा ते चार गाव मिटलेलं असतं. दुकानांची शटरं अर्ध्यावर, कुत्री मोरीच्या पाइपात, माणसं लिंबाखाली बाजेवर. या चार तासांत सगळं गाव झोपलेलं आहे अशी माझी समजूत होती. पण दुपारी दोनला मी पाण्याची बाटली आणायला बाहेर पडलो, तर संध्याकाळी मारुतीच्या पारावर ती बाटली किती लिटरची होती यावर दोन मतं होती.

या वार्तांकनाचं मुख्य कार्यालय म्हणजे पानठेला. कुरिअरवाला गावात शिरत नाही; तालुक्याहून फोन करतो आणि पार्सल पानठेल्यावर उतरवून जातो. खर्रा घोटता घोटता पार्सलचं वजन, आकार आणि हलवल्यावर येणारा आवाज यांची नोंद होते. ते माझ्या हाती येईतो आत काय असावं यावर गावाचा निकाल लागलेला असतो. मी कानाला लावायचे हेडफोन मागवले. दुसऱ्या दिवशी पारावरच्या एका आजोबांनी मला जवळ बसवून घेतलं आणि हळूच विचारलं, "दोन्ही कानाले कमी येते का?"

रात्री दोनपर्यंत आमच्याकडे दिवा असतो, कारण माझे काही सहकारी अमेरिकेत आहेत. गावाचं म्हणणं वेगळं आहे. कामधंदा नसला की माणसाला झोप येत नाही, हे गावाने पिढ्यान् पिढ्या पाहिलेलं आहे. मेलसाहेबांनी गावाबद्दल काय लिहिलं हे त्यांच्या शेजाऱ्यांना बरंच उशिरा कळलं असेल. माझ्याबद्दल गावाने रचलेलं प्रकरण मात्र रोज रात्री ताजं तयार होतं आणि सकाळी दूधवाला ते घरपोच ऐकवतो.

शांत हंगामात बायका शांत नसतात, हे लिहायला पाहिजे. गहू भिजत घालायचा, रोज त्याचं पाणी बदलायचं, तीन दिवसांनी वाटून, गाळून त्याचं सत्त्व काढायचं. पहाटे चारला अंगणात चूल पेटते. मोठ्या पातेल्यात चीक शिजत असतो आणि दोघी जणी आळीपाळीने तो हाटत असतात, कारण हात थांबला की गाठी. मग सोऱ्यात भरून गच्चीवर पसरलेल्या जुन्या साडीवर कुरडया घालायच्या. ऊन वर यायच्या आत सगळं आटपलेलं. या कामाला मी 'बघायला' म्हणून गेलो, वाटीत गरम चीक, त्यावर कच्चं तेल आणि मीठ असं मिळालं, आणि तिथेच माझं भवितव्य ठरलं. बायका वाळवणं टाकून लग्नाला निघाल्या होत्या. राखण कोण करणार?

"मॅडमच्या मिस्टरांना सांगा ना," एक काकू म्हणाल्या, "ते बसूनच राह्यतात."

माझी हरकत नव्हती. मोबाइलला नीट नेटवर्क गच्चीवरच येतं, त्यामुळे महत्त्वाच्या बैठका मी तसाही पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून करतो. आता मांडीवर लॅपटॉप, उजव्या हाताला काठी आणि समोर गल्लीतल्या पाच घरांचं वर्षभराचं तळण, एवढाच काय तो फरक. कावळ्यांचं काही वाटत नाही, ते नजरेला भितात. वानर भीत नाहीत. त्या दिवशी साहेब येत्या वर्षाचं उद्दिष्ट वाचून दाखवत होते. मी मान डोलावत असताना एक थोराड वानर कठड्यावरून उतरलं आणि तिसऱ्या साडीकडे चालू लागलं. मी काठी घेऊन उभा राहिलो आणि जेवढा होता तेवढा आवाज काढून "हाऽऽड!" म्हणून ओरडलो. माझा माइक चालू होता.

बैठकीत शांतता पसरली. मग साहेब म्हणाले, "ठीक आहे. तो आकडा आपण थोडा कमी करू."

एक कुरडई गेली. वर्षाअखेरीला सगळा विभाग त्या वानराचा ऋणी राहील.

बँकेत तर शांत हंगाम हा प्रकारच नसतो. मागच्या खरिपाचं पीककर्ज मार्चअखेर भरलं की व्याजाची सवलत मिळते, डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाची योजना आहे, तीन लाखांपर्यंत. म्हणून आधी भरण्याची गर्दी. एप्रिल लागला की नवं-जुनं करण्याची गर्दी, म्हणजे जुनं खातं मिटवून बियाण्या-खतासाठी नवं कर्ज उचलायचं. बायको संध्याकाळी घरी येते तेव्हा तिला कुणी 'सातबारा' असा शब्द जरी उच्चारला तरी सहन होत नाही. लोकांना ते समजतं. म्हणून लोक सकाळी माझ्याकडे येतात.

"मॅडमले सांगा, फक्त एक सही राह्यली."

मी सांगतो असं म्हणतो, सांगत नाही. तेही 'सांगा' म्हणतात आणि माझ्यावर विसंबत नाहीत. संबंध चांगले आहेत. एकदा एकाने वांग्यांची पिशवी आणून दिली. बायकोने पाहिली आणि तासाभरात परत पाठवली. कर्जदाराकडून काही घ्यायचं नाही, हा तिचा कडक नियम. तो गृहस्थ दुपारी पुन्हा पिशवी घेऊन हजर.

"मॅडमले नाही आणले. तुमाले आणले. तुमी कुठी लोन देता?"

तर्क बिनतोड होता. बायकोने तरी पैसे द्यायला लावले. भाजी छान झाली.

लॅपटॉप असलेला रिकामा माणूस म्हटल्यावर गावाची ऑनलाइन कामंही आली. शेतकरी ओळख क्रमांक, पीएम-किसानची ई-केवायसी, पोट्ट्यांचे प्रवेश. चावडीवर लावावी तशी माझ्या ओसरीवर रांग लागते. सर्व्हर बसतो आणि पडद्यावर 'कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा' असं येतं. मग ओसरीवरचं सगळं मंडळ हे लिहिणाऱ्याच्या खानदानाचा उद्धार करतं. ते ॲप माझं नसतं, वाक्य मात्र माझ्याच घराण्यातलं असतं. मी चहा टाकायला आत जातो.

मेलच्या पुस्तकात जेवणाची वर्णनं पानोपानी आहेत म्हणून एक माझ्याकडचंही घ्या. चैत्रात कुणाचा ना कुणाचा नवस फिटतो आणि मारुतीपाशी रोडग्यांचं जेवण असतं. जाडसर कणकेचे एकावर एक पापुद्रे देऊन मुठीएवढे गोळे करतात आणि पेटवलेल्या गोवऱ्यांचा धूर बसला की ते त्या विस्तवात टाकून देतात. नवख्याला वाटतं, गेलं जेवण. बऱ्याच वेळाने राखेतून काळेठिक्कर दगड उकरून काढतात, पोत्यावर घोळून राख झटकतात आणि तुमच्या पत्रावळीवर एक फोडतात. आतून वाफ, पांढरा मऊ गर, त्यावर तूप, शेजारी वरण आणि तेलाचा लाल तवंग असलेली वांग्याची भाजी. एक खाल्ला की पोट भरतं. दुसरा आग्रहाचा असतो. तिसरा खाल्ल्यावर माझ्या नोकरीबद्दल पहिल्यांदाच कुणी काही विचारलं नाही.

आणि लग्नं. मुहूर्त दुपारी साडेबाराचा, मांडव कापडाचा, आत माणसं हजार. पत्रिकेत इतकी नावं की नवरदेव शोधावा लागतो. बँकेत गर्दी असल्यामुळे मॅडमना येता येत नाही आणि हजेरी माझी लागते. मंगलाष्टकं संपली की ध्वनिक्षेपकावरून पुकारा होतो: "बँकेच्या मॅडमचे मिस्टर मांडवात असतील तर त्यांनी सत्कारासाठी स्टेजवर यावे." टॉवेल, टोपी, नारळ. कपाटात एवढ्या टोप्या साठल्यात की प्रत्येक ऋतूत वेगळ्या पक्षातर्फे उभं राहता येईल.

पण लग्नाच्या बाबतीत या जिल्ह्याचा मान जुना आहे. वाशिम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. अजिंठ्याच्या काही देखण्या लेण्यांच्या काळी राज्य करणारा हरिषेण इथला. आणि हजारेक वर्षांपूर्वीच्या राजशेखराने 'काव्यमीमांसा' या ग्रंथात एक गोष्ट सांगितली आहे. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून घरातून निघाला. त्याला बांधून ठेवायला पार्वतीने साहित्यविद्या नावाची वधू निर्माण केली. ती त्याच्या मागे देशोदेशी हिंडली, ठिकठिकाणचे वेष आणि नाच करून झाले, गडी पुरता वश होईना. अखेर विदर्भात, या वत्सगुल्म नगरात दोघांचं लग्न लागलं, तेही गांधर्व विधीने. पंगत नाही, आहेर नाही, पत्रिकेत काकांचं नाव राहिलं म्हणून रुसवा नाही. वाशिम जिल्ह्यात त्यानंतर असं लग्न झालेलं नाही. तिथे वधू वराच्या मागे आली, आमच्यात वर वधूच्या मागे आला.

ही गोष्ट मी एका रात्री पारावर सांगितली. सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकली. मग हेडफोनची चौकशी करणाऱ्या आजोबांनी विचारलं, "पोराकडचे कुठले होते?"

"हिमालयाकडचे."

"लांबचं झालं बाप्पा," आजोबा म्हणाले आणि विषय संपला.

मे महिन्यात गावचे खरे परदेशस्थ परततात. चाकण आणि हडपसरला कामाला असलेली पोरं रात्रीच्या ट्रॅव्हल्सने लग्नांसाठी येतात. काळे चष्मे, पाठीवर सॅक. दोन दिवसांत त्यांचं सुरू होतं: पाणी नाही, नेटवर्क नाही, दुपारी करायचं काय. मला ती आपल्यातला समजतात. डोंबिवली पुण्यातच कुठेतरी असणार याबद्दल त्यांची खात्री आहे. एकाने मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, तुम्ही इथे राहता तरी कसे? केवढं ऊन!"

"हे काहीच नाही," मी म्हणालो. "अकोल्याला जाऊन बघ."

त्याच्या वडिलांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मला सासऱ्यांकडूनही कधी मिळाली नव्हती.

मेच्या शेवटी बियाण्याची बोलणी सुरू होतात. हा सगळा पट्टा सोयाबीनचा. विकतचं बियाणं महाग आणि बेभरवशाचं, म्हणून कृषी खातं सांगतं की घरचं बियाणं वापरा, पण आधी उगवण तपासा. शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर रांगेत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं आणि आठवडाभराने किती उगवले ते मोजायचं. सत्तरच्या वर असेल तर बिनघोर पेरा, कमी असेल तर बियाणं जास्त टाका. काम बसून करण्याचं आहे. गल्लीत बसून कोण असतं?

पहिली गुंडाळी शेजारच्या काकांची होती. मी दाणे मोजले, मोड मोजले, आणि सवयीप्रमाणे एका कागदावर तारीख, नाव, आकडा असा तक्ता करून दिला. काकांनी तो कागद पानठेल्यावर दाखवला. चार दिवसांत आमच्या न्हाणीघरात उभं राहायला जागा उरली नाही. प्रत्येक गुंडाळीला चिठ्ठी, चिठ्ठीवर मालकाचं नाव आणि वावराचा गट नंबर. सकाळी शिंपडणं, संध्याकाळी शिंपडणं, मधल्या वेळात ॲपचं काम. बायको बादली घेऊन ओसरीत अंघोळीची वाट पाहत उभी राही. आजी येता-जाता विचारत, "आज किती निघाले?" आणि मी अधिकाराने सांगे, "उद्या या."

एका मोठ्या शेतकऱ्याचं बियाणं अठ्ठावन्न निघालं. त्याला ते पटेना. त्याने ओसरीवर बसून सगळे मोड स्वतः मोजले. अठ्ठावन्नच. पुन्हा मोजले. मग त्याने तक्ता हातात घेतला, वरून खालपर्यंत वाचला आणि मला परत दिला.

"आकडा बरोबर आहे," तो म्हणाला. "पण याच्यावर एकडाव मॅडमची सही घेऊन ठेवा."